हानचाबिलांचा फुगा

सहावीच्या वर्गाला ‘ऊर्जेचे स्रोत’ शिकवताना हामुसोंडे सरांनी मुलांना एवढंच सांगितलं होतं, की उद्या येताना घरून थोडं शेण आणा.

‘थोडं’ म्हणताना सरांनी विचार केला नव्हता. चोमा शहराच्या पुढच्या त्या पट्ट्यात माणसाची किंमत गोठ्यावरून होते. ज्याच्या घरून थोडं शेण येतं त्याच्याकडे थोड्या गाई आहेत, असा त्याचा सरळ अर्थ. आणि थोड्या गाईवाल्याचं पोर म्हणून आपल्या मुलाला शाळेत पाठवायला कोणताही बाप तयार नव्हता.

सकाळी पहिली आली लुयांदो. तिच्याकडे जॅमच्या डब्यातून आणलेलं, अजून वाफाळणारं शेण होतं. तिच्या विधवा आईच्या दोनच गाई, त्यामुळे त्या घराला लपवण्यासारखं काही नव्हतं. मग एकाने सायकलच्या कॅरियरवर गोणी आणली. ती गोणी शेजाऱ्याने पाहिली आणि तो घरी जाऊन ढकलगाडी भरून आला. ढकलगाडीची बातमी वस्तीवर पोचली. साडेनऊच्या सुमारास चार बैल जुंपलेली गाडी शाळेच्या फाटकातून आत आली आणि तिच्यापुढे, ठेवणीतला कोट घालून, गावचे मुखिया हानचाबिला स्वतः चालत होते.

“थोडं सांगितलं होतंत,” ते म्हणाले. “आमच्याकडे थोडं म्हणजे एवढंच निघतं.”

गाडी मैदानात रिकामी झाली. दक्षिणेकडचा गोलपोस्ट निम्मा दिसेनासा झाला.

मुख्याध्यापिका चिझ्यूका बाई खिडकीतून हे पाहत होत्या. “सर, शाळा आहे ना ही?”

“बाई, परत पाठवू का?”

“कुणाचं? हानचाबिलांचं? पाठवा की. शाळेचा हापसा कुणाच्या जमिनीत आहे ते आठवतंय ना? चारशे पोरांना पाणी तुम्ही पाजा.”

सरांनी ते परत पाठवलं नाही.

पंधरा दिवसांनी तपासणीला जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी नासिलेले मॅडम येणार होत्या. सतरा वर्षं खडू झिजवल्यावर सरांचं नाव पहिल्यांदा विज्ञानप्रमुखाच्या जागेसाठी गेलं होतं आणि ते पुढे न्यायचं की फाईलमध्येच ठेवायचं, हे मॅडमच्या एका सहीवर होतं. म्हणून सरांनी वर्गात ऊर्जेचा कोपरा मांडला होता. खोक्याला चंदेरी कागद चिकटवून केलेली सूर्यचूल होती, तिच्यात तीन तासांत एक रताळं शिजत असे. पत्र्याची पवनचक्की होती, ती वारा असला की फिरे. आणि आता शेणाचा गॅस. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत शेणाचा काला भरायचा, तोंडाला फुगा बांधायचा आणि बाटल्या उत्तरेच्या खिडकीत उन्हाला ठेवायच्या, कारण तिकडे ऊन उत्तरेकडून येतं. आत गॅस तयार झाला की फुगा फुगतो.

इथे सरांच्या हातून दुसरी चूक झाली. प्रत्येक नमुन्यावर नाव लिहावे, असं शिक्षक-पुस्तिकेत होतं. सरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. मुलांची नव्हे, घरांची नावं.

नवव्या दिवशी लुयांदोच्या घरचा फुगा उठून बसला. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनीही माना वर केल्या. हानचाबिला असं लिहिलेल्या बाटलीवरचा फुगा मात्र दुपारच्या शेळीच्या कानासारखा लोंबत होता.

कारण सरांना ठाऊक होतं. तासाभरात गाडीभर ताजं शेण गोळा करणं एकशेचाळीस गाईंच्या गोठ्यालाही जमत नाही. मुखियांनी गोठ्यामागचा दोन वर्षांचा ढीग उपसून आणला होता आणि त्यात आता मातीइतकाच दम उरला होता. पण हे तोंडावर सांगणार कोण?

गावाने विज्ञानात एवढा रस पूर्वी कधी घेतला नव्हता. सकाळ-संध्याकाळ खिडकीशी गर्दी होऊ लागली.

“दोन गाई बाईच्या, आणि फुगा बघ!”

“मुखियांच्या एकशेचाळीस आहेत ना?”

“आहेत ना. मोजायला आहेत.”

“हळू बोल, चुलता आहे तो माझा.”

“मग तूच फुंक मार की जरा.”

लुयांदोची आई गर्दीच्या मागे उभी राहून सगळं ऐकत असे. आणि रोज येत असे, धुतलेला रुमाल डोक्याला बांधून.

तपासणीच्या आदल्या दिवशी हानचाबिला सरांच्या दारात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“सर, माझा फुगा झोपलाय.”

“मुखिया, विज्ञान आहे. वेळ लागतो.”

“लुयांदोच्या आईच्या विज्ञानाला लागला नाही.” त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. “मुलाचं लग्न ठरलंय माझ्या. मुलीकडच्यांना बारा गाई द्यायच्या बोलल्यात. काल तिचा मामा खिडकीशी उभा राहून गेला. संध्याकाळी निरोप आला, की असल्या गाई असतील तर पंधरा लागतील.”

“त्यात मी काय करणार?”

“काही नाही. तुमच्या विज्ञानात मी कशाला पडू? हापशाची दांडी मात्र ढिली झालीय, उद्यापासून दुरुस्तीला काढीन म्हणतो. किती महिने लागतील ते विज्ञानालाच माहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी भाजलेले शेंगदाणे आणि कच्चा कांदा खाल्ला, सर्वांआधी शाळेत पोचले, हानचाबिलांच्या बाटलीवरचा फुगा सोडवला आणि तोंडाला लावला. श्वसनसंस्था ते सतरा वर्षं शिकवत होते, आज तिचा उपयोग झाला. बेत बेताचाच फुगवण्याचा होता, पण बढती, हापसा आणि पंधरा गाई डोळ्यांपुढे असताना माणसाला अंदाज राहत नाही. बांधून झाल्यावर त्यांनी मागे सरून पाहिलं. फुगा भोपळ्याएवढा झाला होता. थोडी हवा सोडावी असं मनात आलं, तेवढ्यात घंटा झाली.

नासिलेले मॅडम दहाला आल्या. मागे सगळं गाव. मॅडमनी रताळ्याचा तुकडा चाखला, पवनचक्कीवर फुंकर घातली आणि खिडकीपुढे थांबल्या.

“छान! आता पेटवून दाखवा.”

पुस्तिकेत पेटवण्याबद्दल काही नव्हतं. “पेटवून, मॅडम?”

“मग? ऊर्जेचा स्रोत आहे ना? नुसता फुगा तर जत्रेतही मिळतो.”

सरांनी लुयांदोचा फुगा काढला, तोंडात रिकाम्या पेनची नळी बसवली, हात लांब धरून काडी ओढली. नळीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी निळी ज्योत उभी राहिली. बायकांनी जिभा हलवून असा जल्लोष केला, की पवनचक्की पुन्हा फिरली म्हणे. लुयांदोच्या आईने रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला.

“आता तो मोठा,” मॅडम म्हणाल्या.

“तो अजून कच्चा आहे, मॅडम.”

“सगळ्यांत मोठा तोच, आणि कच्चा?”

मुखिया हातातल्या काठीवर दोन्ही पंजे ठेवून उभे होते. त्यांच्या शेजारी मुलीचा मामा होता. सरांनी नळी लावली. पहिली काडी विझली. दुसरी विझली. तिसरी मॅडमनी स्वतः ओढली, तीही विझली आणि नळीतून आलेला वारा मॅडमच्या नाकावर गेला.

मॅडमनी पुन्हा एकदा हुंगलं. मग त्यांनी सरांकडे पाहिलं.

“हामुसोंडे, सकाळी काय खाल्लंत?”

“कांदा, मॅडम.”

“हं.” मॅडम वळल्या. “मुखिया, तुमच्या गाई कांदा खातात?”

इतर कुणी हे विचारलं असतं तर त्याच्या गोठ्यातली एक गाय दंड म्हणून सुटली असती. पण मॅडम पडल्या लोझी, मुखिया टोंगा. या दोन जमातींचं नातं चेष्टेचं, एकमेकांना काहीही बोलावं आणि रागावेल तो हरला. मुखियांनी विझलेल्या तीन काड्यांकडे पाहिलं, सरांच्या घामाकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं.

“खातात,” ते शांतपणे म्हणाले. “कांदा खातात, शेंगदाणेही खातात. टोंगाच्या गोठ्यात काही कमी नसतं. तुमच्या लोझींच्या गाई पुरात पोहतात आणि मासळी खातात, तुम्हाला कसं कळणार?”

“आणि गॅस का पेटत नाही?”

“आग लावायला काय, कुणाचीही गाय लावते. विझवणारी दाखवा.”

मॅडम हसल्या. त्या हसल्या म्हणून गाव हसलं. मामा शेवटी हसला, पण हसला. बाहेर पडताना तो मुखियांना विचारत होता, की ती विझवणारी जात वेगळी असते का, आणि बारांत तिच्यातल्या निदान चार येतील का. मुखिया विचार करतो म्हणाले.

दुपारी मॅडमनी सरांना गाडीपाशी बोलावलं. सरांनी कबुलीजबाब तोंडपाठ करून ठेवला होता.

“मॅडम, तो फुगा…”

“मी विचारलंय का? सही केलीय मी. विज्ञानप्रमुख झालात.” मॅडमनी फाईल मागच्या सीटवर टाकली. “इतक्या वर्षांत एवढे पालक मी कुठल्या शाळेत पाहिले नाहीत. पुढच्या महिन्यापासून भागातल्या अठरा शाळांत जाऊन हाच प्रयोग तुम्ही करून दाखवायचा.”

“अठरा?” सर चाचरले. “मॅडम, त्या गावांत गाई किती आहेत?”

“ते मला नाही माहीत,” गाडी सुरू करत मॅडम म्हणाल्या. “मुखिया अठरा आहेत.”

गाडी धूळ उडवत गेली. हामुसोंडे सरांनी एक खोल श्वास घेतला आणि जपून सोडला.