शालूतली कादंबरी

देवकीच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबारावांना कळलं की घरात खून कोणता, भूत कोणतं आणि प्रेम कोणतं हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. बायको गेली हे त्यांना माहीत होतं. ती किती गेली, ते त्या सकाळी कळलं.

बाबाराव कादंबरीकार होते. एक प्रकार जमला नाही की माणूस दुसरा धरतो. बाबाराव सगळे एकदम धरून बसले होते. सकाळी खून लिहीत, दुपारी भूत. पानांवर आकडे घालत नसत, कारण पान झालं की देवकी 'जेवले काय?' विचारत ते उचलून नेई, वाचे आणि आपल्या जुन्या साडीत बांधून ठेवी. निळ्या साडीत खून, पांढरीत भुतं. गेल्या वर्षी ती म्हणाली होती, "मेलेल्या लोकायवर एवढं लिहून राहिले, जित्या बायकोवर एक लिहा ना." मग ते प्रेमकथेला लागले. त्या पानांसाठी देवकीनं लग्नातला शालू काढला. शेवटचं प्रकरण व्हायच्या आधीच ती गेली. तेवढं पुरं करायचं, बाकी काही नको, असं बाबारावांनी ठरवलं होतं.

पण काटोलहून त्यांची थोरली बहीण भागीरथाबाई आली होती. तिनं रिवाजाप्रमाणे देवकीच्या साड्या नात्यातल्या बायकांना वाटून टाकल्या. नवऱ्याच्या मागे न राहता अहेव गेलेल्या बाईची साडी भाग्याची समजतात, त्यामुळे जुन्या साड्यांवरही झडप पडली. शालू पहिला गेला.

"बाई, त्यातले कागद कुठी हायेत?" बाबारावांनी विचारलं.

"संत्र्याच्या पेटीत भरले ना! तुह्या बायकोनं किती ठिकाणी पसारा करून ठेवला होता गा."

"सगळे एकत्र केले?"

"मंग? आवरायले कोणी तं पाहिजे."

बाबारावांनी पेटी ओतली. नायक अश्विन आणि नायिका हिमानी, हे त्यांनी पहिल्याच कादंबरीत ठरवून टाकलं होतं. दर वेळी नवीन नावं शोधायला ते काही बारशाला बसले नव्हते. त्यामुळे कोणता अश्विन तपास करतो आहे आणि कोणता प्रेमात पडला आहे, हे त्यांना स्वतःलाही सांगता येईना.

भागीरथाबाई मदतीला बसली. "कोणी मेलं तं खुनात टाक. मेलेला वापस आला तं भुतात. बाई रडली तं प्रेमात."

"खुनातही बाया रडतात, बाई."

"मंग असं काहून लिहितं गा, समजणार नाही असं?" तिनं एक पान उचललं. लकडगंजातल्या लाकूड कापायच्या आरामशीनवर एक हडळ माणसाला गाठून म्हणत होती, 'आधी हात धुवा, मंग बसा.'

"हे कशातलं?"

"भुतातलं."

"भूत हात धुवायले लावते?"

बाबारावांनी पुढचं पान उचललं. त्यावर खुनी बाई, 'जेवले काय?' असं विचारून मगच विष घालत होती. ते पान त्यांनी बराच वेळ हातात धरलं आणि कुठल्याच ढिगात टाकलं नाही.

तेवढ्यात सीताबर्डीहून प्रकाशक रुपराव आले. त्यांना रहस्यकथा हवी होती.

"भाऊ, कव्हर छापून बसलो मी. द्या लवकर."

"रुपराव, त्यात प्रेमाची पानं गेली असतील."

"असू द्या. एवढं वाचते कोण?" असं म्हणून रुपरावांनी सगळ्यांत मोठा ढीग उचलला.

पुस्तक आलं. त्यात इन्स्पेक्टर अश्विन प्रेताची तपासणी करतो, पान उलटल्यावर त्याच प्रेताला मोगऱ्याचा गजरा देतो, आणि प्रेत म्हणतं, एवढा खर्च कायले केला? बाबारावांनी घराबाहेर पडणं सोडलं. पण समीक्षकांना पुस्तक आवडलं. न समजलेलं पुस्तक वाईट म्हणायला धैर्य लागतं. एकानं लिहिलं, या लेखकानं प्रकारांच्या भिंती पाडल्या. एका संस्थेनं पुरस्कार दिला.

समारंभात अध्यक्षांनी विचारलं, "हा आकृतिबंध आपल्याला सुचला कसा?"

"बहिणीनं बायकोच्या साड्या वाटल्या," बाबाराव म्हणाले.

सभागृहात टाळ्या पडल्या. "केवढी विलक्षण प्रतिमा!" अध्यक्ष म्हणाले. पहिल्या रांगेत भागीरथाबाईनं मागे वळून लोकांना सांगितलं, "मीच वाटल्या."

चहाच्या वेळी रुपरावांनी बाबारावांना बाजूला घेतलं. "भाऊ, दुसरा भाग पाहिजे. अस्साच."

"पह्यले मले माही पानं वापस द्या. प्रेमाची."

"आता कशी देऊ? बक्षीस त्याच पानायले भेटलं. मुडद्याले गजरा दिला ना तुम्ही, तिथं लोक रडून राहिले."

"तो मुडदा नव्हता, रुपराव. ते माही बायको होती."

रुपरावांनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे खरोखर पाणावले. "भाऊ," ते म्हणाले, "हे दुसऱ्या भागात टाका."

दुसरा भाग रुपरावांनी जाहीर करून टाकला आहे. पानं निवडायला भागीरथाबाई पुन्हा येणार आहे. तिला आता सवय झाली आहे. देवकीच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं आहे.