सतरा नंबरची रम

"रंगवाल्याच्या घरात इतका फिका रंग!"

रमचा ग्लास खिडकीपुढे धरून, एक डोळा मिटून, व्याहीबुवा एवढंच म्हणाले होते. पण ते शेडवाल्यांच्या काळजाला झोंबलं. गेली एकतीस वर्षं ते रंगाच्या दुकानात शेड जुळवत होते. कुणी भिंतीचा नखाएवढा पोपडा आणून दिला तरी डब्यात हुबेहूब तोच रंग करून द्यायचे. आणि त्यांना रंगातलं कळत नाही? बरं, व्याहीबुवा एकदा बोलून गप्प बसतील तर ते व्याही कसले! लेकीचा फोन आला, तीही रडकुंडीला आलेली. "बाबा, इथे पाहुणा आला रे आला की आधी तुमच्या फिक्या रमचा किस्सा निघतो."

रविवारी व्याहीबुवा पुन्हा जेवायला येणार होते. शनिवारी शेडवाले खिशात शेडकार्ड घालून दारूच्या दुकानात शिरले.

"रम हवीय. ह्या रंगाची," त्यांनी सतरा नंबरच्या काळपट तांबूस चौकोनावर बोट ठेवलं.

दुकानदारीणबाईंनी कार्डाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "काका, भिंत रंगवायचीय की प्यायचीय?"

"जितकी गडद तितकी जुनी. एवढं कळतं मला."

"कुणी सांगितलं? पिंपात मुरली की रंग येतो, ते खरं. पण कितीतरी गडद बाटल्यांत नुसती जळकी साखर असते."

"म्हणजे वरून रंग मारतात?" शेडवाल्यांचा आवाज चढला. "आणि लोक तो पितात? अहो, ही शुद्ध लबाडी झाली!"

"आणि ही बघा," बाईंनी पाण्यासारखी नितळ बाटली पुढे केली. "मळीची नाही, थेट उसाच्या रसाची. सहा वर्षं मुरवली, मग कोळशातून गाळून रंग काढून टाकला."

"सहा वर्षं रंग आणायचा आणि मग काढून टाकायचा! आमच्या दुकानात असा उद्योग केला असता तर मालकांनी मला हाकललं असतं."

"डोळे मिटा आणि एक घोट घ्या. आधी वास घ्या."

एकतीस वर्षं थिनर हुंगलेल्या नाकाला वास काय कप्पाळ येणार! पण डोळे मिटून घोट घेतला आणि चव एकेक करत उलगडत गेली. आधी ओला ऊस, मग मिरीसारखा चटका, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा लाकडाचा गोडवा. त्यांनी दुसरी गडद रम चाखली. ती नुसतीच गोडमिट्ट. त्यांनी नितळ बाटली काखेत मारली. येताना रस्ताभर त्यांचा संताप उतू जात होता, पण आता तो रंग बघून पिणाऱ्या समस्त मूर्खांवर होता.

घरी बायकोला त्यांनी मळी, रस, पिंप, जळकी साखर, सगळं दोनदा ऐकवलं. ती बाटलीकडे बघत राहिली. "अहो, पण हे पाणीच दिसतंय. गेल्या वेळी फिकी होती, आता तर रंगच नाही! पोरीला तिथे राहायचंय."

"उद्या मी त्यांना डोळे मिटायला लावतो. बघच तू!"

रविवारी व्याहीबुवा आले, शेडवाल्यांच्या लेकीलाही घेऊन आले. शेडवाले घसा खाकरून भाषण सुरू करणार, तोच बायको ट्रे घेऊन बाहेर आली. ग्लासांत काळपट तांबूस रम. शेडवाल्यांचा आ वासलेलाच राहिला. तो रंग त्यांना लांबूनच ओळखीचा वाटला. सतरा नंबर!

व्याहीबुवांनी ग्लास खिडकीपुढे धरला, एक डोळा मिटला. "वा! ह्याला म्हणतात रंग! बारा वर्षांच्या आतली नाहीच ही. मानलं बुवा तुम्हाला!"

शेडवाल्यांच्या मस्तकात तिडीक गेली. खरं सांगायला ते उठलेसुद्धा. पण समोर लेक होती, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ती सासऱ्यांसमोर मान वर करून हसत होती. ते तसेच स्वयंपाकघरात गेले.

"काय केलंस हे? सहा वर्षांचा माल नासवलास!" ते दातओठ खात म्हणाले.

"तुम्हीच सांगितलंत ना, जळकी साखर घालतात म्हणून? तुमचं कार्ड शर्टाच्या खिशातच होतं. दोन चमचे पुरले."

"ही लबाडी आहे!"

"असू दे. पोरीचं तोंड बघितलंत का?"

जाताना व्याहीबुवांनी त्यांना मिठीच मारली. "पुढच्या रविवारी आमच्याकडे या. आणि येताना हीच बाटली आणा. माझे दोन मित्र येणार आहेत, त्यांनाही दिसू दे असली रम. मात्र रंग हाच हवा हं!"

पुढच्या रविवारी सकाळी बायको झोपेतून उठली ती करपल्या वासाने. स्वयंपाकघरात शेगडीवर साखर जळत होती. शेडवाले एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात शेडकार्ड घेऊन खिडकीपाशी उभे होते, आणि प्रचंड संतापलेले होते.

"गेल्या वेळी तू केलंस ते सतरा नव्हतंच," ते कडाडले, "साडेसोळा होतं! असलं काम आमच्या दुकानात चालत नाही."