काकाजी पाया पडतात तेव्हा

सक्करदऱ्यात आमच्या गल्लीत कुणाकडे लग्न निघालं की लोकांचा एक डोळा नवरदेवावर आणि दुसरा देवराव काकाजींवर असतो. वय सत्तरीच्या पुढे, आणि हा माणूस मांडवात दिसेल त्या पन्नाशीतल्या पाहुण्याच्या पाया पडतो! पाहुणा लाजून अर्धा होतो. तेवढ्यात काकाजी, नालवाल्यानं घोड्याचा पाय उचलावा तसा त्याचा पाय उचलून तळवा पाहून घेतात. पाय दाखवा म्हटलं तर कोण दाखवतो? पण पाया पडणाऱ्याला कोणी लाथ मारत नाही, हे त्यांचं गणित.

काकाजी मूळचे पारशिवनीकडचे. पस्तीस वर्षं दवाखान्यात ड्रेसर होते. शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. आजही माणसांची नावं विसरतात, पण पाय विसरत नाहीत.

मागच्या वर्षी भाचीच्या लग्नात ते माझ्या पाया पडले. चारचौघांत! मला असा राग आला की काय सांगू. पण माझ्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती आणि मला तिचा पत्ताच नव्हता. नव्या बुटात खिळा वर आला होता; शुगरनं बधिर झालेल्या पायाला तो कळलाच नाही.

डॉक्टरांनी साफ सांगितलं, जखम भरली नाही तर अंगठा जाईल. पुण्याच्या जावयानं मोबाइलवर पट्ट्यांची यादीच पाठवली: फोमची, चांदीची, मधाची. मी काकाजींना म्हटलं, सगळ्यात महागाची लावा. काकाजींनी कपाट उघडून साडीवाल्यासारखे नमुने पुढ्यात टाकले. पाणी सुटत असेल तर फोम बरा, तो पिऊन घेतो. कोरडी असेल तर जेल. साधी गॉजची जाळीपट्टी गरिबाची, पण सुकली की चिकटून बसते.

"मग भारी कोणती?" मी विचारलं.

"हे पाहून राहिला ना, सगळ्याच चांगल्या हायेत गा. जखम पाहून डॉक्टर ठरवते. पण पट्टी कोणतीही असो, रोज पाहणारा पाहिजे. आन् त्या पायावर वजन नोको."

डॉक्टरांनी फोम दिला. काकाजी दर रविवारी येऊन जखमेवर स्वच्छ प्लास्टिक धरत, पेनानं तिची कड गिरवत आणि मागच्या रविवारच्या चित्रावर ठेवून उजेडात पाहत. एका आठवड्यात मी गुपचूप शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सदर बाजारापर्यंत पायी जाऊन आलो. रविवारी दोन्ही चित्रं सारखीच निघाली; जखम तसूभरही आक्रसली नव्हती. कुठं हिंडून आलो ते काकाजींनी विचारलंही नाही. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून मी खाटेवरून हललो नाही.

चौथ्या महिन्यात प्लास्टिकवर गिरवायला काही उरलंच नाही. ते कोरं प्लास्टिक घेऊन काकाजी गल्लीभर घरोघर फिरले. "पाहा, काहीच नाही!" लोकांना वाटलं, म्हातारा सटकला. मला विचाराल तर इतक्या ऐटीत मिरवलेलं प्रशस्तिपत्र मी दुसरं पाहिलं नाही.

डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली तशी मी शाल-नारळ घेऊन त्यांच्या घरी गेलो. पाया पडायला वाकलो तर काकाजींनी झटकन पाय खाटेवर ओढून घेतले. खाली फरशीवर, वर धरलेल्या पायाचा तळवा दिसावा असा आरसा उताणा ठेवलेला होता.

मी आरशाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. यांनाही शुगर! आणि मला इतकी वर्षं शेजारी राहून पत्ता नव्हता.

"तुमची काकू रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन पाहे," ते हळूच म्हणाले. "ते गेली. तळवा दिसावा इतका गुडघा दुमडत नाही, आरशात नीट दिसत नाही."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"ड्रेसरनं कोणाले म्हणावं गा, माझा पाय पाह्य म्हणून?"

मी खाली बसलो, त्यांची टाच धरली, पाय उचलला. बोटांच्या बेचक्यांत पाहिलं, टाचेच्या भेगांत पाहिलं. ते श्वास रोखून बसले होते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"काहीच नाही," मी म्हटलं.

आता रोज सकाळी सातला मी त्यांच्याकडे जातो. दार उघडंच असतं. मला रोज पाया पडताना पाहून गल्ली म्हणते, काय श्रद्धा आहे बाप्पा या माणसाची. मी कोणाला काही समजावत बसत नाही. देवराव काकाजींचा पाहणारा मी आहे, आणि तळवा पाहून झाला की मी खरोखरच पाया पडतो.