तात्यांचा रुमाल

प्रयोगाआधी मेकअपच्या खोलीत तात्या पुन्हा शिंकले, तेव्हा बाईंनी आरशातूनच त्यांच्याकडे पाहिले.

"आज नाही शिंकलात तर चालेल."

"मी काय हौसेनं शिंकतोय?"

"हौस असती तर आवरली असती. म्हणून तर काळजी वाटतेय."

काळजी रास्त होती. बाईंची सारी हयात रंगभूमीवर गेली होती आणि एका मुलाखतीत त्यांनी ठणकावून सांगितले होते, की विंगेतून शब्द पुरवायला आपल्याला आजवर कोणी लागले नाही, पुढेही लागणार नाही. ते तेव्हा खरे होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मात्र विचित्र प्रकार झाला. गाणी शब्दासुरांसकट शाबूत राहिली, त्यांचा क्रम तेवढा डोक्यातून गेला. एकटीने गाऊन सादर करायचे हे नाटक एका स्त्रीच्या आयुष्याचे होते. लग्न, सासूशी भांडण, मूल, नवऱ्याचे मरण, नातवंडे. यात कशानंतर काय, हेच ऐन वेळी निसटायचे.

मुलाखत तर छापून आलेली. मग तोडगा निघाला तो तात्यांच्या रूपाने. तात्या म्हणजे बाईंचे यजमान. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. डोक्यावर केस नाही, अंगात शिस्त भरपूर. पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसून त्यांनी खुणा करायच्या. कान चोळला की सासूचे भांडण, चष्मा काढला की अंगाई, हाताची घडी म्हणजे चाललेय ते चालू दे. आणि खिशातून रुमाल काढला की नवऱ्याच्या मरणाचे गाणे. दिव्यांच्या झोतातून बाईंना एक चमकणारे टक्कल आणि हातांच्या हालचाली एवढेच दिसायचे. तेवढे पुरत असे. ही भानगड त्यांनी पियानोवाल्यालाही सांगितलेली नव्हती.

आज चूक परवडणारी नव्हती. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने स्पष्टच सांगितले होते, "बाई, आज रंगलं तर महिन्याचा एक शनिवार तुमचा. नाहीतर एक जादूगार माझ्या मागे लागलाय. त्याच्याकडे ससे आहेत."

पडदा उघडला. बाई नवरी झाल्या, लाजल्या, पहिल्या गाण्याला टाळ्या पडल्या. संसार मांडला, नवरा जेवायला बसला, त्याला त्यांनी वाढायला घेतले आणि तात्यांना शिंक आली. रुमाल बाहेर निघाला.

बाई थबकल्या. पण आजवर तात्यांची खूण कधी चुकली नव्हती. त्यांनी हातातले ताट खाली ठेवले आणि मरणाचे गाणे सुरू केले. पियानोवाल्याने दचकून वर पाहिले, भराभर पाने उलटली आणि सापडेल त्या सुरात तो मागोमाग धावला.

"जेवणात काही होतं की काय?" अंधारातून कोणीतरी विचारले. चार-दोन रांगा हसल्या.

नवऱ्याने अजून पहिला घासही घेतला नव्हता, हे अर्धे गाणे झाल्यावर बाईंच्या ध्यानात आले. त्या थांबल्या. डोळे चोळत म्हणाल्या, "मेलं कसलं हे स्वप्न. भात वाढता वाढता डोळा लागला माझा." नवरा जिवंत झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अंगाईनंतर पुन्हा रुमाल निघाला. एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा जपून खूण करतो, असे बाईंचे गणित. नवरा दुसऱ्यांदा वारला. या खेपेला डॉक्टरांनी नाडी पुन्हा तपासून त्याला परत आणला. तिसऱ्यांदा रुमाल दिसला तेव्हा पियानोवाल्याची बोटे आधीच त्या सुरांवर जाऊन बसली होती. बाईंनी तात्यांकडे पाठ फिरवली आणि मध्यंतर गाठले.

"माझा नवरा दोनदा मेला," खोलीचे दार लावून त्या म्हणाल्या.

"बघितलं मी."

"तुमच्यामुळे मेला."

"अगं, नाक वाहतंय माझं. रुमाल नको काढू?"

"बाहीला पुसा."

"चारचौघांत?"

"चारचौघांत मी विधवा होतेय, त्याचं काही नाही? जा, समोरच्या दुकानातून गोळी घेऊन या. आणि तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीवर दिसा मला."

दुकानात गर्दी होती. तात्या शिस्तीचे, त्यामुळे रांगेत उभे राहिले. परत आले तोवर तिसरी घंटा होऊन गेली होती आणि दारवान दारासमोर उभा होता.

"आता आत सोडता येणार नाही."

"अरे, मी बाईंचा नवरा."

"बाईंचाच नियम आहे. तिसऱ्या घंटेनंतर देव आला तरी सोडायचा नाही."

"देवाचं ठीक आहे. नवऱ्याचं काही म्हणाल्या का?"

दारवानाने त्यांना नीट न्याहाळले. "नवरा तर मघाशी दोनदा गेला म्हणतात."

आत बाईंनी रंगमंचावर येताच कडेच्या खुर्चीकडे नजर टाकली. टक्कल जागेवर होते. हाताची घडी होती. शिंका थांबल्या होत्या. बाईंच्या जिवात जीव आला आणि त्या मोकळ्या गळ्याने गाऊ लागल्या. नातवंडांच्या गाण्यात टकलाने कान चोळला. आता ही सासू कशी, असा प्रश्न बाईंना पडला, पण गोळी घेतलेल्या माणसावर त्यांनी विश्वास ठेवला. म्हातारपणी सासू परत आली, भांडली, आणि प्रेक्षकांनी ते गाणे पुन्हा म्हणायला लावले. शेवटच्या गाण्यापर्यंत बाई रुमालाची वाट पाहत राहिल्या. रुमाल काही निघाला नाही. नवरा वाचला. पडदा पडताना अख्खे प्रेक्षागृह त्याच्यासाठी उभे राहिले होते.

व्यवस्थापक थेट रंगमंचावर आला. "बाई, शनिवार तुमचा. फक्त आज केलंत त्यात काही बदलू नका. मी रडायच्या तयारीनं आलो होतो."

त्याच्या मागोमाग एक टकलू गृहस्थ आणि त्यांची बायको पायऱ्या चढून आले. बाईंना हे टक्कल ओळखीचे वाटले, चेहरा नाही.

"आमच्या जागा मागे खांबाआड होत्या," गृहस्थ संकोचून म्हणाले. "मध्यंतरानंतर ही खुर्ची रिकामी दिसली, बसलो. तुम्ही सगळा वेळ माझ्याकडेच बघून गायलात."

"मी खांबाआडच होते," बायको म्हणाली. "तिथूनही दिसलं. तुमची ओळख कधीपासूनची?"

एवढ्यात दारवानाच्या तावडीतून सुटलेले तात्या विंगेतून आत आले. बाईंनी एका टकलाकडून दुसऱ्या टकलाकडे पाहिले.

"तुम्ही हाताची घडी घालून का बसला होतात?" त्यांनी गृहस्थांना विचारले.

"डोक्यावर पंखा होता. गारठलो."

"आणि कान?"

"डास होते."

बाईंनी जरा विचार केला. "शनिवारी मोकळे आहात का?"

"नाहीत," बायको म्हणाली.

"तुम्हीही या. पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसा."

"तिथे खांब नाही ना?" बायकोचा आवाज जरा मऊ झाला.

"आणि मी कुठे बसायचं?" तात्यांनी विचारले.

"तुम्ही खांबाआड."

तात्या दुखावले. इतक्या प्रयोगांची आठवण करून द्यावी म्हणून त्यांनी तोंड उघडले, पण शब्दांऐवजी शिंक आली. त्यांनी खिशातून रुमाल काढला.

कोपऱ्यात कागद आवरणाऱ्या पियानोवाल्याने बाईंकडे पाहिलेसुद्धा नाही. उभ्या उभ्याच त्याने मरणाच्या गाण्याचे पहिले सूर धरले.