दोन गावांचं एक ठाणं

"पोलीस खाती एकत्र करायची म्हणजे काय मोठं दिव्य आहे?" काट्यानं पिरोगी, म्हणजे बटाट्याची उकडलेली करंजी, उचलत लेनर्ड हुडाक बायकोला म्हणाला. "दोन कळशांतलं पाणी एका पिंपात ओतायचं. झालं!"

"आणि ते पिंप कुणाच्या पायावर पडणार?" बर्नीनं विचारलं.

लेनर्डनं तिकडे दुर्लक्ष केलं. तो टार्विनच्या नगरपरिषदेचा अध्यक्ष होता, आणि जगातला कुठलाही अध्यक्ष घरातल्या विरोधी पक्षाला उत्तर देत नाही.

टार्विन आणि साउथ टार्विन ही पेनसिल्व्हेनियातली दोन चिमुकली गावं. मध्ये फक्त एक रस्ता, पण दोघांचे पोलीस वेगळे, गाड्या वेगळ्या आणि तोरा तर फारच वेगळा. रात्रीचा पोलीस ठेवणं मात्र एकालाही परवडत नव्हतं. जानेवारीत टार्विनमधल्या वँडा ओल्शेव्स्कीच्या घरात चोर शिरला तेव्हा ती म्हातारी फोन छातीशी धरून टेबलाखाली बसून राहिली. राज्याचे पोलीस लांबून येईपर्यंत चोर टीव्ही घेऊन, वर फ्रिजमधलं हॅम खाऊन निघून गेला होता! ही गोष्ट लेनर्डच्या खरोखर जिव्हारी लागली होती. दोन्ही खाती एक झाली तर दोन्ही गावांत मिळून रात्री एक गाडी फिरू शकणार होती. साउथ टार्विनचे चीफ निवृत्त होत होते, त्यामुळे मुख्य कोण हा तंटाही आपोआप मिटत होता.

ठरलं असं की आठवडाभर पोलिसांची अदलाबदल करायची आणि शुक्रवारी फायर हॉलमध्ये, म्हणजे आगीच्या बंबवाल्यांच्या सभागृहात, दोन्ही गावांनी हात वर करून कौल द्यायचा. टार्विनचा चीफ गस पाव्हलिक, म्हणजे बर्नीचा सख्खा भाऊ, साउथ टार्विनला गेला. तिकडून ऑफिसर केंड्रा लॅपिन्स्की आली. तरतरीत पोरगी, तोंड दिसेल असे चकचकीत बूट!

"हे बघ केंड्रा," लेनर्डनं तिला बजावलं, "आपलं-परकं करायचं नाही. तिकडे जे करतेस तेच इकडे. कुणाचाही मुलाहिजा ठेवायचा नाही!"

"अध्यक्षांचासुद्धा नाही?"

"अध्यक्षांचा तर मुळीच नाही!" लेनर्ड म्हणाला आणि स्वतःवरच खूश झाला.

सोमवारी पहाटे गुडघाभर बर्फ पडला.

आता टार्विनमधल्या घरांना गॅरेज नाही. ज्यानं कंबर मोडेपर्यंत बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली, त्यानं तिथे घरातली एक जुनी खुर्ची मांडायची आणि निर्धास्त कामावर जायचं. तो परतेपर्यंत जागा त्याची! चर्चमधली मेणबत्ती पळवणारा एखादा निघेल, पण दुसऱ्याची खुर्ची हलवणारा टार्विनमध्ये जन्माला यायचा होता. साउथ टार्विनमध्ये घरोघरी गॅरेज. तिथे रस्त्याकडेला खुर्ची म्हणजे कचरागाडीचा माल.

दुपारी केंड्राचा फोन आला. "सर, सगळे रस्ते मोकळे केले! ट्रकभर भंगार निघालं, आमच्या ठाण्याच्या आवारात ठेवलंय."

"भंगार? कसलं भंगार?"

"खुर्च्या! तुमच्या दारातली हिरवीसुद्धा उचलली. मुलाहिजा ठेवला नाही!"

लेनर्ड ताडकन उठला. "अगं बाई, तुला टार्विनची खुर्ची माहीत नाही?"

"चांगली माहीत आहे, सर. पण तिकडे जे करतेस तेच इकडे कर, असं तुम्हीच म्हणालात ना?"

लेनर्डनं कपाळावर हात मारला. त्यानं फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. गस होता.

"दाजी, उगाच नावं ठेवतो आपण या लोकांना! काय सभ्य माणसं आहेत! घरोघरी खुर्च्या मांडल्यात. एक कचरागाडी त्या उचलायला आली होती, मी दम देऊन हाकलून लावली!"

"अरे गाढवा, आज तिथे जुनं सामान न्यायचा वार आहे!"

"तरीच एकानं सोफा ठेवला होता," गस म्हणाला. "मला वाटलं, त्याची गाडी मोठी असेल."

संध्याकाळी टार्विनची माणसं कामावरून परतली आणि जो तो दुसऱ्याच्या जागेत घुसला. शिव्यांनी गल्ली दणाणली. मग सगळे तरातरा साउथ टार्विनच्या ठाण्यावर गेले. तिथे त्या गावचे लोक आपापलं न उचललेलं भंगार चिडून आवारात आणून टाकत होते. दोन्ही गावांच्या खुर्च्यांचा एकच ढीग झाला!

लेनर्ड धावतपळत पोहोचला. "शांत व्हा! मी वाटप करतो!" असं म्हणून त्यानं ढिगातली एक लाकडी खुर्ची ओढली आणि समोर दिसला त्याच्या हातात दिली. तो होता साउथ टार्विनचा दाताचा डॉक्टर, मेरिट क्लाइन.

"मला नको हा कचरा!" डॉक्टर ओरडला.

"कचरा?" वँडा गर्दीतून पुढे आली. "माझा नवरा स्टेफन जन्मभर या खुर्चीवर बसून सूप प्यायला, मेल्या!" आणि तिनं डॉक्टरच्या डोक्यात पर्स घातली.

मग काय विचारता! टार्विन साउथ टार्विनवर आणि साउथ टार्विन टार्विनवर तुटून पडलं. तेवढ्यात एका बाजूनं गस आणि दुसऱ्या बाजूनं केंड्रा असे दोघं शिट्ट्या फुंकत आत घुसले. तिनं आपल्या माणसांना दटावलं, त्यानं आपल्यांना दटावलं, आणि बघता बघता आवार शांत झालं. धक्काबुक्कीत भंगारातल्या एका पिंपात पडून अडकलेल्या लेनर्डला दोघांनी मिळून बाहेर ओढलं.

शुक्रवारी फायर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लेनर्डनं रात्रंदिवस खपून भाषण तयार केलं होतं. "मित्रहो," तो म्हणाला, आणि हॉलमधून "खाली बस!" अशी आरोळी उठली. दोन्ही गावं एका सुरात ओरडत होती. संपलं सगळं! लेनर्ड मटकन बसला.

तेव्हा वँडा उठली.

"चोर आला तेव्हा मी टेबलाखाली बसून देवाचा धावा करत होते," ती म्हणाली. "कुणी आलं नाही. सोमवारी मी या डॉक्टरला मारलं तर दुसरी पर्स मारायच्या आत दोन पोलीस हजर! दोन गावचे दोन, आणि दोघं मिळून! मला रात्रीसुद्धा तसेच हवेत. माझी खुर्ची मला मिळाली. आता मला झोप द्या."

हळूहळू एकेक हात वर जाऊ लागला, आणि शेवटी एकही हात खाली राहिला नाही. ठराव एकमतानं मंजूर!

लेनर्ड आभार मानायला उठला, पण डॉक्टर क्लाइन त्याच्याआधी उठला होता. "माझी एक अट आहे," डोक्यावरचं टेंगूळ चोळत तो म्हणाला. "नव्या ठाण्याच्या कारभारात हुडाकनं कधीही नाक खुपसायचं नाही. कोणकोण सहमत आहे?"

पुन्हा सगळे हात वर गेले. लेनर्डनं केविलवाण्या नजरेनं पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोकडे पाहिलं.

बर्नीनं दोन्ही हात वर केले होते.