सत्तेचाळीस गिलास

शनिवारी सकाळी साडेआठला गोविंदराव हर्डीकरांनी मोबाइल दिवाळी अंकांच्या चळतीला टेकवून उभा केला, मफलर नीट केला, घसा खाकरला आणि ते महापालिकेच्या निवडणुकीवर तुटून पडले.

"नमस्कार. ग्वाल्हेरच्या गोरखीतून मी गोविंद हर्डीकर, आणि ही आहे 'वॉर्डाची वार्ता'. मंडळी, महापौर कोण होणार ते मोठे लोक ठरवून राहिले आहेत, त्यांना ठरवू द्या. आपल्या गल्लीत पाणी कोण आणणार, ते मात्र आपल्याला ठरवायचं आहे!"

पोस्टातून रिटायर झाल्यापासून हा त्यांचा रोजचा नेम होता. ऐकणारे दोनशेच्या घरात, त्यातले निम्मे नातेवाईक. पण वार्तेची एक ख्याती होती: गोविंदराव कुणाची भीड ठेवत नसत. निवडणुका लांबत लांबत ऐन संक्रांतीवर आल्या होत्या आणि त्यामुळे त्यांना नुसता ऊत आला होता. पुन्हा उभे राहिलेले मावळते पार्षद, म्हणजे नगरसेवक, राजवर्धन भैया यांना त्यांनी सोडलं नव्हतं, आणि अपक्ष उभ्या राहिलेल्या लीलाताई कदमांनाही सोडलं नव्हतं. लीलाताई निवृत्त नर्स. दहा वर्षं पाण्याच्या टँकरमागे धावून त्यांनी अर्ध्या वॉर्डाच्या बादल्या भरून दिल्या होत्या. "बाई सज्जन आहेत," असं गोविंदराव म्हणाले होते, "पण डिपॉझिट वाचलं तरी मी त्यांना पेढे देईन."

आज मात्र त्यांच्याकडे खास बातमी होती. सकाळीच चहावाल्यानं कानात सांगितलं होतं, "दादा, अपने वार्ड में स्टील के गिलास बँट रहे हैं. घर-घर."

आता गुरुवारीच लीलाताईंना निवडणूक चिन्ह मिळालं होतं, आणि ते होतं गिलास. गोविंदरावांनी दोन आणि दोन चार केले.

"मंडळी," ते मोबाइलकडे बोट रोखून गरजले, "चिन्ह मिळून दोन दिवस नाही झाले, आणि वॉर्डात गिलास वाटले जाऊन राहिले आहेत! मतदाराला काय समजता? एका गिलासात विकला जाईल तो? ज्या कुणी हे पाप केलं, त्याच्या घरी निवडणुकीचा उडनदस्ता, ते भरारी पथक, जायला पाहिजे. आजच्या आज!"

आतून सरोजिनीबाईंचा आवाज आला, "अहो, देशाचं झालं असेल तर पोहे गार होतायत."

सरोजिनीबाई वार्ता ऐकत नसत. हा माणूस घरात जे फुकट बोलतो तेच मोबाइलवर ऐकायला डाटा कशाला घालवायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि गोविंदराव बायकोच्या हळदीकुंकवात लक्ष घालत नसत. कालच ते झालं होतं. दुपारी चारलाच त्यांना घराबाहेर काढलं होतं आणि आठला आत घेतलं होतं. दिवाळीनंतर बाड्याच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून एक जड खोकं त्यांनीच टमटममध्ये घालून घरी आणलं होतं. त्यात काय आहे, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

साडेअकराला दारात जीप थांबली. जीपमधून दोन शिपाई, एक कॅमेरावाला आणि शाल पांघरलेली एक तरुण अधिकारी बाई उतरली.

"मैं सोनिका, उड़नदस्ते से. हर्डीकर जी का घर यही है?"

गोविंदरावांची छाती फुगली. आपल्या वार्तेची इतकी तातडीनं दखल! "या, या मॅडम. मीच तो. आपने बहुत जल्दी कार्रवाई की. चाय लेंगी?"

"चाय नहीं," असं म्हणत सोनिका मॅडमनी पिशवीतून एक गिलास काढून टेबलावर ठेवला. "ये आपका है?"

गोविंदरावांनी चष्मा वर करून गिलास फिरवला. दुकानातल्या मशीननं टिंब टिंब करून त्यावर नाव घातलं होतं: सौ. सरोजिनी गोविंद हर्डीकर, गोरखी, मकर संक्रांत. ग्वाल्हेरच्या मराठी घरात नाव घातल्याशिवाय भांडं उंबऱ्याबाहेर जात नाही. चोराला शोधायला पोलिसांना कधी एवढी सोय कुणी करून दिली नसेल.

"सरोजिनी!" त्यांचा आवाज चिरकला.

सरोजिनीबाई हात पुसत बाहेर आल्या. गिलास बघून त्यांचा चेहरा खुलला. "अय्या, हा कुणाचा राहिला?"

"अगं, हे काय केलंस?"

"काय केलंस म्हणजे? वाण लुटलं. गेल्या वर्षी गाळण्या, त्याच्या आधी चिमटे. या वर्षी गिलास. खोकं तर तुम्हीच उचलून आणलंत!"

गोविंदराव मटकन खुर्चीत बसले. पाप करणारा सापडला होता, आणि पापाचा हमालही.

सोनिका मॅडम समजूतदार होत्या, पण कायदा कायदा होता. कुणीतरी नियंत्रण कक्षात फोन केला होता, आणि सोबत पुरावा म्हणून वार्तेचा व्हिडिओही पाठवला होता. "देखिए अंकल, आप ही ने कहा है कि वोट के लिए बाँटे गए. अगर ये सच निकला तो आंटी पर केस, और लीला कदम को नोटिस. चुनाव गया उनका."

हे ऐकून मात्र गोविंदरावांना गेला उन्हाळा आठवला. मे महिन्यात पंधरा दिवस पाणी नव्हतं, तेव्हा हीच लीलाताई पहाटे पाचला टँकरच्या टपावर उभी होती. आपल्या जिभेपायी तिची उमेदवारी जाणार, या विचारानं त्यांना खरोखर लाज वाटली.

"मॅडम, गिलास नवंबर के हैं. चिन्ह परसों मिला," ते काकुळतीला आले.

"तो सारे गिलास दिखाइए. सब पर यही नाम होना चाहिए, और किसी पर कुछ नहीं. कितने हैं?"

"चार डझन आणले," सरोजिनीबाई म्हणाल्या. "सत्तेचाळीस गेले, एक उरलाय."

"मँगवाइए."

सरोजिनीबाईंनी फोन हातात घेतला. दिलेलं वाण परत मागायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हणून त्यांनी कुणाला कारणच सांगितलं नाही. "अहो, जरा येता का? हो, आत्ता. आणि कालचा गिलास घेऊन या. येताना शेजारणीला पण सांगा."

आता हळदीकुंकवाच्या घरून बोलावणं आलं म्हणजे कोण गाऊन घालून जाणार? बायकांनी काल न नेसलेल्या साड्या काढल्या. जानेवारीची थंडी, त्यामुळे वरून स्वेटर. कुणाला वाटलं दूध आहे, कुणाला वाटलं रस आहे. एकटीनं जायला नको म्हणून त्या वाटेत एकमेकींसाठी थांबल्या, आणि बारा वाजता गोरखीच्या रस्त्यावरून नटलेल्या चाळीस-पंचेचाळीस बायका हातात चकचकीत गिलास घेऊन रांगेनं चालू लागल्या.

रस्ता थबकला. न्हाव्याचा वस्तरा थांबला. गच्चीवरून लोक मोबाइल काढून शूटिंग करू लागले. "अरे बाप रे, लीलाताई की लहर है!" चहावाला ओरडला.

पाच मिनिटांत राजवर्धन भैया मोटरसायकलवरून हजर. "मैडम! बिना परमिशन रैली! खुलेआम चिन्ह लेके! आपके सामने!"

सोनिका मॅडमनी दाराबाहेर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "रैली नहीं है. मैंने बुलाया है."

"आपने?"

"जाँच के लिए."

मॅडम पायरीवर बसून एकेक गिलास तपासू लागल्या. कॅमेरावाला प्रत्येक बाईचा गिलासासकट फोटो काढत होता, आणि बायका पदर सावरून छान उभ्या राहत होत्या. रांगेत खुद्द लीलाताई होत्या. त्यांच्या गिलासावरही नाव सरोजिनीचंच. आणि त्यांच्या मागे, भरजरी शालीत, काठी टेकत उभ्या होत्या विजयाबाई.

"आई?" राजवर्धन भैयांचा आवाज बसला. "तू इथे?"

"मग? बावीस वर्षं येते मी सरोजिनीकडे," त्यांच्या आई विजयाबाई म्हणाल्या. "तू जन्माचा पार्षद झालास म्हणून काय हळदीकुंकू सोडू? आणि गिलास तर तूच सकाळी बघितलास, चहा प्यायलास त्यातून."

सगळी रांग खो-खो हसली. सोनिका मॅडमनीही शाल तोंडावर धरली. विरोधी उमेदवाराच्या आईला कुणी गिलास देऊन फोडत नाही, हे समजायला त्यांना नियमाचं पुस्तक लागलं नाही. "केस बंद," त्या म्हणाल्या. "भैया, आप भी घर जाइए."

पण गोविंदराव स्वस्थ बसेनात. त्यांनी मोबाइल उचलला आणि त्या रांगेसमोरच वार्ता सुरू केली.

"मंडळी, सकाळी मी ज्या घरावर उडनदस्ता पाठवा म्हणालो, ते घर माझंच आहे. गिलास माझ्या बायकोनं वाटले, सणाचे. खोकं मी आणलं. लीलाताईंचा काही संबंध नाही. मी न बघता बोललो. चूक माझी. लीलाताई, माफ करा."

लीलाताई पुढे आल्या. "भाऊसाहेब, माफी कसली? परवापासून मी घरोघरी चिन्ह सांगत फिरून राहिले आहे, कुणाच्या लक्षात नव्हतं राहत. आता बघा!"

त्या वार्तेला सहा हजार लोक लाभले. पुढचे बारा दिवस गोविंदराव निष्पक्षपणाला इतके जपले, की गिलासाला हात न लावता पाणीसुद्धा वाटीतून प्यायले. सरोजिनीबाईंनी आमटी वाढली की ते आधी वाटी आमटीची की पाण्याची, हे विचारत.

मतमोजणीच्या दिवशी लीलाताई एकोणीस मतांनी निवडून आल्या. ती एकोणीस कुणाची, यावर गल्लीत आजही वाद आहे. विजयाबाई मात्र या विषयावर बोलत नाहीत, नुसत्या हसतात. गोविंदरावांनी कबूल केल्याप्रमाणे पेढे वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी वार्तेत नव्या पार्षदबाईंना दरडावून विचारलं, "नळाला पाणी कधी?"

लीलाताई उत्तर द्यायला आल्या नाहीत. त्या वॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला घेऊन आठ दिवस पाइपलाइनच्या मागे हिंडत होत्या.

नवव्या दिवशी सकाळी गोविंदराव घसा खाकरत होते, तेवढ्यात मोरीतला नळ खोकला, फुसफुसला आणि धो धो वाहू लागला. गल्लीभर आरडाओरडा झाला. सरोजिनीबाईंनी उरलेला अठ्ठेचाळिसावा गिलास नळाखाली भरला आणि चालू वार्तेत नवऱ्यापुढे धरला.

गोविंदरावांनी गिलासाकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, आणि सगळ्यांदेखत गटागटा पिऊन टाकला.

"मंडळी," मिशी पुसत ते म्हणाले, "या वेळी स्वतः बघून, पिऊन, निष्पक्षपणे सांगून राहिलो आहे. पाणी गोड आहे."