हळद-चुन्याचं बोट

मंजुषाला पाहायला तळेगावचे पाहुणे घटकाभरात पिपरी मेघेला पोचणार होते, आणि नेमकी तेव्हाच तिच्या वडिलांना, अण्णाजींना, वांगी कापायची हुक्की आली. "बायकायले भरायचं वांगं कापता येत नाई," असं म्हणून त्यांनी बायकोपुढची, म्हणजे विमलाबाईंपुढची, विळी ओढून घेतली. तिसऱ्या वांग्याला बोटच कापलं.

जखम मोहरीएवढी होती. आरोळी मात्र साऱ्या गल्लीला पुरली.

"बाबा, नळाखाली धरा. साबणानं धुवून पट्टी लावतो," मंजुषा म्हणाली.

"पाण्यानं जखम पिकते!" इतक्या सोप्या उपायावर अण्णाजींचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. त्यांनी बोटावर मूठभर हळद थापली.

तेवढ्यात शेजारचे बबनराव तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत आले. "निस्ती हळद? चुना पाह्यजे त्याच्यात! माह्या बापाचा पाय मुरगळला होता, हळद-चुन्यानंच बरा झाला."

मुरगळलेला पाय आणि कापलेलं बोट यांत काही फरक असतो, असली क्षुद्र शंका कोण काढणार? बबनरावांनी आपल्या डबीतला ओला चुना चोपडला आणि विमलाबाईंच्या जुन्या लुगड्याचा हातभर तुकडा फाडून वर गुंडाळला. चुना झोंबला तसं अण्णाजींनी बोटाकडे पाहिलं. पट्टी लालभडक झाली होती. हळदीत चुना पडला की लाल होते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं; पण स्वतःच्या बोटाशी गाठ पडली की माणसाची अक्कल गहाण पडते.

"रक्त थांबून नाई राह्यलं!" ते दिवाणावर आडवे झाले. "विमल, याच्याआधी दोन सोयरिका मोडल्या. माह्यं काही होवो, हे मोडू देजो नको!"

ऐकून शेजारीपाजारी जमले. पाहुणे उतरले तेव्हा दारात चपलांचा ढीग, माणसं गप्प आणि यजमान आडवे. नवरदेवाचे वडील रूपराव यांनी टोपी काढली. त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी तर, नातं अजून जुळलेलं नसताना, पदर तोंडाला लावून गळा काढला.

"काऊन रडता? या, बसा!" अण्णाजी ताडकन उठले आणि स्वागताला नेमका तोच हात पुढे केला. ते लाल गाठोडं पाहून नवरदेव आदेशनं डोळे पांढरे केले आणि तो बापाच्या अंगावर कोसळला.

"बबनकाका, त्याले वारा घाला," असं म्हणत मंजुषानं वडिलांना मोरीवर नेलं आणि साबणानं बोट धुतलं. सारा लाल राडा वाहून गेला. आता जखमच सापडेना. चष्मा लावून शोधावी लागली. तिच्यावर पट्टी चिकटवून मंजुषानं आदेशच्या तोंडावर पाणी मारलं.

कमलाबाई खूश झाल्या. "पोरगी पसंत हाय आमाले! आमच्या घरी अशीच पाह्यजे. आदेशचं हे असं, अन् याच्या बापाले काटा रुतला तं आठ दिवस खाट सोडत नाई."

अण्णाजींचा जीव भांड्यात पडला. "मंग साखर वाटा!"

"थांबा," हात पुसत मंजुषा म्हणाली. "एकाले सांभाळता सांभाळता आईचे केस पांढरे झाले. मले तं तुमी दोन देऊन राह्यले. पसंत हाय का म्हणून मले कोनं इचारलं?"

अण्णाजींनी मोठ्या आशेनं बायकोकडे पाहिलं. विमलाबाईंनी शांतपणे विळी पुन्हा आपल्यापुढे ओढली.

"पाहुण्यायले जेवू घालू," त्या म्हणाल्या. "बाकी पोरगी सांगन, थे खरं."